टाचेमागचं बोट

साराबेल, ४ डिसेंबर

बुरुल,

हे पत्र तुझ्या आईच्या सांगण्यावरून लिहितोय असं समजू नकोस. ती एवढंच म्हणाली, "लिहायचं तर लिहा, नाहीतर चुलीत लाकूड घाला. दारात उभं राहून थंडी आत सोडू नका." म्हणून लिहायला बसलो.

रविवारी तू शहरात उतरून तिला फोन केलास, ते कळलं. ताशकोरोत घर भाड्याने घेतलंस, एकवीस तारखेपासून फक्त बायकांचा आठवडा आहे, सहा जणी येणार, त्यातल्या चौघींचा हा दुसराच हिवाळा. आणि पंचवीसला त्यांना मोकळ्या उतारावर, स्प्रूसच्या झाडीवरून खाली नेणार. मला कुणी विचारलेलं नाही. पण खाण बंद पडल्यापासून बावीस वर्षं या खोऱ्यात बर्फावरून घसरायच्या फळ्या दुरुस्त करणारा मी एकटा. परदेशी माणूस मोडकी फळी टाकून गेला, ती उकलून बघितली आणि शिकलो. कुणापुढे हात जोडले नाहीत. तेव्हा दोन गोष्टी सांगायचा हक्क आहे असं धरतो.

त्या सहा जणींना आजच कळव की तयारी बर्फावर सुरू होत नाही. भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्यासारखं रोज बसायचं. पहिल्या दिवशी अर्धा मिनिट, दोन आठवड्यांत दीड. आरशासमोर. उडी मारून खाली येताना बायकांचे गुडघे आत वळतात, आणि वळलेला गुडघाच जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, इथे येणाऱ्यांच्या पायांकडे बघून शिकलोय. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, एवढंच त्यांना सांग.

फळीची लांबी उंचीवरून ठरवायची नाही, वजनावरून ठरवायची. हनुवटीपर्यंत यावी म्हणणारे दुकानदार आहेत, त्यांना नमस्कार करायचा आणि निघायचं. रुंदी पायाच्या मापाने. बाईचा पाय लहान, त्याखाली पुरुषाची रुंद फळी दिली की ती वळवता वळवता दमते आणि तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

फळीच्या तळाला इस्त्रीने लावायचं मेण थंडीचं, कडक. मेणाचा धूर निघाला म्हणजे इस्त्री जास्त तापली. मेण लावल्यावर तासभर थंड होऊ दे, मगच खरवड. तुला घाई असते.

आता बूट. शेडमध्ये गेलो तर निळं पोतं जागेवर नव्हतं. आईने एसेनच्या गाडीतून ते तुझ्याकडे धाडलं म्हणे, मला न विचारता. पाच जोड होते. बायकांच्या मापाचे बूट या भागात मिळत नाहीत हे मला कळतं. पण माझ्या शेडमधली वस्तू माझ्या हातून जायला हवी होती.

बूट दुपारी घालून बघायचे, सकाळी नाही. पाय दुपारी फुगलेला असतो. मोजा एकच. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे नुसता टेकावा आणि गुडघे वाकवले की मागे सरावा. मग तिला चवड्यांवर उभं करायचं आणि टाचेमागे आपलं बोट घालायचं. बोट शिरलं तर तो बूट तिचा नाही. टाच उचलली गेली की चवड्यांकडची कड बर्फात धरत नाही, आणि धरली नाही की माणूस दगडासारखा खाली जातो. कुणी म्हणालं 'बूट बरोबर आहे', तर त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. कुणीही असो.

तू माझा जाडी मोजायचा कॅलिपर नेलास, तो तुझाच आहे. बाराव्या वाढदिवसाला दिला होता.

तू निघालीस त्या सकाळी मी तुझी चहाची वाटी काठोकाठ भरली होती. आपल्यात भरलेल्या वाटीचा अर्थ काय, तो तुला सांगायला नको: प्या आणि उठा. ते मला आठवतं, एवढंच लिहून ठेवतो.

ओर्मोन


साराबेल, ११ डिसेंबर

बुरुल,

एसेन रिकाम्या हाताने आला. मी विचारलं, "काही दिलं?" म्हणाला, "दिलं ना. बोरसोक दिले, वाटेत खाल्ले." मी म्हणालो, "पत्र?" तर तो गाडीची काच पुसत म्हणाला, "ओर्मोनकाका, मी बटाटे आणतो, मेंढ्या आणतो, एकदा नवरी आणली. माणसाच्या मनातलं आणायची सोय माझ्या गाडीत नाही." या माणसाला गाडी चालवायला येत नाही, पण जीभ चालवायला येते.

तू पत्र वाचलंस हे मात्र त्याने सांगितलं. दोनदा वाचलंस, म्हणाला.

पुढचं आई सांगतेय, मी नुसता लेखणी धरलीय. ती म्हणते: बायका वर गेल्या की पाणी पीत नाहीत, कारण मग जायचं कुठे. तीन-चार थर उतरवायचे, त्यात आसपास पुरुष. म्हणून तहानेने डोकं धरून बसतात आणि लोक म्हणतात उंची सोसली नाही. तेव्हा तूच सुरुवातीला एक झाड दाखव आणि मोठ्याने सांग, हे आपलं झाड. दर दीड तासाने तिथे थांबायचं, हवं असो नसो. पाळीचे दिवस असोत नसोत, कपडा आणि कोरडी चड्डी प्रत्येकीच्या आतल्या खिशात. अंगाला लागून सुती काही नको; छातीवरची पट्टी घामाने भिजली की उतारावर थांबल्यावर तीच आधी गोठते. लोकरीची घ्यावी, तिला लोखंडी आकडे नकोत. वेणी जाकिटाच्या आत, रुमालाची टोकं आत. "हे सगळं लिहिलंत का?" असं विचारतेय. लिहिलं. "झाड लिहिलंत?" लिहिलं.

आता माझं. हिमलोटात गाडलेल्याला शोधायचं ते यंत्र जाकिटाच्या खिशात ठेवू देऊ नकोस. जाकीट माणूस काढतो. पहिल्या थरावर पट्ट्याने बांधायचं, पडदा अंगाकडे. फोन त्याच्यापासून वीतभर तरी लांब. बॅटऱ्या नव्या आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या नकोत. त्या शेवटपर्यंत भरलेल्या दाखवतात आणि एकदम मरतात. घरातून निघताना दारात उभी राहा आणि एकेकीच्या यंत्राचा आवाज ऐकून मगच बाहेर सोड.

आणखी एक. पाचातले तीन जोड लाल नाड्यांचे आहेत. त्यांच्या तळाचा डिंक जुना झालाय, थंडीत सुटेल. ते एसेनबरोबर परत पाठव, चार दिवसांत नीट करून देतो. फार मोठी गोष्ट नाही. पण पाठव. एकवीसच्या आत पाठव.

डिंकाचं मी आधी बोललो नाही कारण पोतं मला न विचारता गेलं.

ओर्मोन


साराबेल, १९ डिसेंबर

बुरुल,

तुझा निरोप एसेनने शब्दाला शब्द सांगितला. "बाबांना सांग, तळ मी बघितला, डिंक ठणठणीत आहे. सहा बायकांना पाच जोड, तेही मी मागून आणलेत. बूट येणार नाहीत."

डिंक ठणठणीतच आहे. तो मी लावलाय.

हे पत्र उद्या सकाळी एसेनच्या हातात जाईल. घाटावर ढग बसलेत आणि तुझ्याकडे फोन लागत नाही, शहरात उतरायला आता तुला वेळ नाही. तेव्हा आडवळणाने लिहिण्यात अर्थ नाही.

लाल नाड्यांचे तिन्ही जोड बेचाळीसचे आहेत, पुरुषांचे. आतला आकडा मी खरवडून काढलाय. आतल्या कापडाची शिवण उसवून तळाला आणि टाचेमागे लोकरीचा नमदा भरलाय आणि पुन्हा शिवलंय. माझी शिवण दिसत नाही, हे तुला माहीत आहे.

बायकांचे बूट नव्हते. पोरी यायच्या, पाय लहान, तोंड एवढंसं करून परत जायच्या. मी विचार केला, आपल्याकडे कशाला नमदा नाही? तंबूला नमदा, खोगिराखाली नमदा, म्हाताऱ्यांच्या बुटात नमदा. आईने लाटलेला, दगडासारखा घट्ट, नऊ मिलिमीटर. भरून बघितला. टाच हलेना. बोट शिरेना. मला आनंद झाला होता, बुरुल. वाटलं, शहरातल्या कारखानदारांना जे सुचलं नाही ते मला सुचलं.

म्हाताऱ्यांचे बूट चालायचे असतात. फळीवर पाय दिवसभर दाबतो आणि घाम गाळतो. ओला नमदा दबला की परत उठत नाही. सकाळी घट्ट असलेला बूट दुपारी दोन मापांनी मोठा होतो. मी सकाळी बोट घातलं होतं. दुपारी घातलं नाही. शेडमध्ये कोण दुपारपर्यंत उड्या मारतो?

असे चार जोड केले होते. चौथा मीरगुलच्या पायात होता.

दोन वर्षांपूर्वी ती त्या झाडावर आदळली, गुडघा गेला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सकाळी तीच पोर त्याच उतारावरून दोनदा सरळ खाली आली होती. मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही तिला घसरगाडीवरून आणलंत, बूट मी काढले, सगळ्यांना वाटलं ओर्मोन किती जपून काढतोय. संध्याकाळी आतले नमदे उसवून चुलीत टाकले. आणि तिसऱ्या दिवशी मीरगुलच्या आईच्या, काल्बूबूच्या अंगणात पांढरदाढ्या वडीलधाऱ्यांसमोर उभा राहून म्हणालो, "माझं साहित्य चोख होतं. नेणारीने आपल्या मैत्रिणीचा वकूब ओळखायला हवा होता." नेणारी तू. तू माझ्याकडे बघत होतीस. मी सादिरआजोबांच्या टोपीकडे बघत होतो.

उरलेले तीन का उसवले नाहीत? उसवले असते तर स्वतःशी कबूल केल्यासारखं झालं असतं. पोत्याच्या तळाशी घातले आणि ठरवलं की ते कुणी घालणारच नाही.

हे लिहायच्या आधी आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. मान वर केली नाही.

"त्या संध्याकाळी लोकर जळल्याचा वास आला होता," ती म्हणाली. "आणि मोठ्या नमद्याचा कोपरा गेलाय, त्यावर तुम्ही पेटी ठेवलीत. मी केर काढताना पेटी सरकवते."

"दोन वर्षं बोलली नाहीस."

"तुमच्या बोलण्याची वाट बघत होते."

मग मी म्हणालो की पोत्यात आणखी तीन आहेत. तेव्हा तिचे हात थांबले. तिला एकाच जोडाचं माहीत होतं. तिने पिठाच्या हातानेच कागद माझ्यापुढे सरकवला. वरच्या कोपऱ्यात डाग आहे तो त्याचा.

लाल नाड्या कुणाच्याही पायात घालू नकोस. तिघी घरी बसल्या तरी चालेल.

ओर्मोन


घाटाखालची चौकी, २२ डिसेंबर

बुरुल,

एसेन अर्ध्यातून परत आला. घाटावर बर्फ खाली आलंय, रस्ता बंद. त्याने पत्र माझ्या हातात ठेवलं. "मोठं झाड आडवं आहे, काका. मी नवरी आणली होती तेव्हाही असंच होतं, पण ती घाईत नव्हती." मी हसलो नाही. तो म्हणाला, "काय आहे त्या पत्रात?" मी म्हणालो, बूट. पुढे त्याने विचारलं नाही, आणि इथवर सोडायला आला.

कालपासून रस्तेवाल्यांच्या चौकीत बसलोय. घोडा मिळतो का बघितलं; देत नाहीत, म्हणतात घोडा मरेल, तू मेलास तर तुझं तू बघ. पंचवीसला तीन दिवस आहेत. एकवीसला, म्हणजे काल, तुझ्या सहा जणी शहराच्या बाजूने पोचल्या असतील. आज त्या घरामागच्या उतारावर सरावाला असतील. किती वाजलेत ते मी दर थोड्या वेळाने बघतोय. दुपारी दोन वाजता बाहेर जाऊन उभा राहिलो. त्याने काय होणार होतं, मला माहीत नाही.

साडेतीनला वरून बर्फ सारणारं यंत्र उतरलं. ड्रायव्हर ताशकोरोचा. खाली उडी मारून त्याने विचारलं, "साराबेलचा फळीवाला ओर्मोन कुठे राहतो? त्याच्या पोरीने काहीतरी दिलंय." चौकीतल्या चौघांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

पुडक्यात सुतळीने बांधलेले नमद्याचे सहा तळ होते आणि टाचेमागचे सहा तुकडे. वाळवलेले, चपटे. प्रत्येकावर तुझ्या अक्षरात आकडे. सकाळी नऊ मिलिमीटर. अकराला सात. दोनला चार. डावा, उजवा, वेगळे. तारखा तेरा, चौदा, पंधरा डिसेंबर, दर जोडाला एक.

पहिली तेरा. म्हणजे माझं डिंकाचं पत्र पोचलं त्याच्या आसपासच. तुला डिंकावर विश्वास बसला नाही, तू शिवण उसवलीस, रोज एक जोड स्वतः घालून दिवसभर उतरलीस आणि दर काही तासांनी बोट घालून नमदा कॅलिपरने मोजलास. कुणाच्याही शब्दावर गेली नाहीस. आणि एसेनला सांगितलंस, बूट येणार नाहीत. पुरावा कोण परत पाठवतो?

आकड्यांना नाव ठेवायला जागा नाही. एवढं लिहायचा हक्कही मला आता आहे की नाही, ठाऊक नाही.

सोबत चिठ्ठी. ना 'बाबा', ना खाली नाव. "मीरगुलच्या बुटात हेच होतं का?"

उत्तर मी तीन दिवसांपूर्वीच लिहिलेलं होतं. ते पत्र आणि हे पत्र दोन्ही यंत्रवाल्याकडे देतोय. तो उद्या सकाळी परत वर जाणार आहे, म्हणाला, बस बाजूला, नेतो. मी नाही म्हणालो. तुझ्या पोरींच्या पायात आता काय आहे ते तू बघितलंयस. घाटाच्या त्या बाजूला माझं काम उरलेलं नाही. या बाजूला आहे.

एक गोष्ट १९च्या पत्रात लिहायची राहिली. त्या दिवशी जेवायच्या वेळेला मीरगुल मला बहुधा एकदा म्हणाली होती की टाच हलतेय.

ओर्मोन


साराबेल, २४ डिसेंबर

बुरुल,

आज काल्बूबूकडे हिवाळ्याचा घोडा कापला. सगळी वाडी होती. मला दोन हिवाळे बोलावणं नाही, तसाच गेलो. अंगणात तेच चेहरे, सादिरआजोबा तीच टोपी घालून. म्हणाले, "ओर्मोन, नाक शाबूत आहे रे तुझं. मांसाचा वास बरोबर लागतो."

"मांसासाठी नाही आलो, आजोबा."

"मग चाकूला धार लावायला आलास? लाव. बोथट आहेत."

आत बायका आतडी धुऊन त्यात मांस भरत होत्या. मीरगुल भिंतीशी, पाय सरळ लांब करून बसली होती. तो वाकत नाही. मी पुडकं सोडलं आणि नमदे जेवणाच्या कापडाच्या कडेला ठेवले. तुझे आकडे वाचून दाखवले. मग नमदे कुठून आले ते सांगितलं, चौथा जोड कुणाच्या पायात होता ते सांगितलं, चुलीचं सांगितलं. म्हणालो, त्या दिवशी याच अंगणात मी बुरुलवर घातलं ते खोटं होतं, तिने नेलेला उतार मीरगुलच्या ताकदीचाच होता. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणालो. दारात अंगणातली माणसं येऊन उभी होती.

सादिरआजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाले, "आम्ही त्या पोरीला इथून मान खाली घालून जाताना बघितलं. आमच्यातल्या कुणी एक प्रश्न विचारला नाही." एवढंच. चाकूकडे परत गेले.

मीरगुल हातातलं आतडं बांधत होती. तिने आधी गाठ नीट बसवली.

"ओर्मोनकाका, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. टाच हलतेय म्हणालीस."

"तुम्ही काय म्हणालात?"

मी पुडक्याची सुतळी बोटाला गुंडाळायला लागलो. तिथे पन्नास माणसं होती.

"सांगा ना. मला आठवतंय, तुम्हाला आठवतंय का बघू."

"म्हणालो, बायकांच्या पायाला बुटाची सवय नसते. नाड्या ओढ आणि जा."

"हं," ती म्हणाली, आणि दुसरं आतडं घेतलं.

काल्बूबूने मला बसायला सांगितलं नाही, पण वाटी घेतली. किटलीतून ओतायला लागली आणि थांबली नाही. काठापर्यंत. काठावरून थोडा चहा कापडावर सांडला. तिने वाटी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. दोन्ही हातांनी, बघ. रीत सोडली नाही. मी उभ्यानेच प्यालो. जीभ भाजली. सगळा प्यालो आणि वाटी परत दिली.

दारात बूट घालत होतो तेव्हा मीरगुलचा आवाज आला. "बुरुलला लिहिणार ना?"

"आज."

"तिला सांगा, रस्ता खुला झाला की माझी आई नसताना चोरून नको, असतानाच ये म्हणावं. आणि काका, ते नीट लिहा. तुम्ही मघाशी म्हणालात, सांगितलं होतं. किती वेळा ते नाही म्हणालात."

मी परवा तुला लिहिलं, बहुधा एकदा. ते दुरुस्त करून घे. पहिल्यांदा सकाळच्या दुसऱ्या फेरीनंतर, शेडच्या दारात. दुसऱ्यांदा जेवताना. तिसऱ्यांदा वर निघताना, पावणेदोनला. तेव्हा मी तिच्याकडे न बघता कडा घासत होतो.

तीनदा.

ओर्मोन